खजिनदाराने मोडलेला तराजू

बाराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत खुरासानात अल-मुझफ्फर अल-इस्फिझारी नावाचा एक विद्वान होता. गणित आणि यंत्रविद्या ही त्याची क्षेत्रे. उमर खय्यामच्या बरोबरीने त्याने सेल्जुक सुलतानांच्या दरबारी पंचांग-सुधारणेचे काम केले होते. आयुष्यातली बरीच वर्षे खर्चून त्याने एक तराजू बनवला आणि तो सुलतानाच्या खजिन्यात दिला. या तराजूवर वस्तू हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची, आणि त्या दोन वजनांवरून सोन्यात किती भेसळ आहे ते वस्तू न मोडता सांगायचे. इस्फिझारीनंतरच्या पिढीत बैहकी नावाच्या इतिहासकाराने विद्वानांची चरित्रे लिहिली. तो सांगतो की खजिना सांभाळणारा अधिकारी या तराजूला घाबरला, कारण त्याची लबाडी उघडी पडणार होती. त्याने तराजू मोडला आणि त्याचे भाग नष्ट केले. बातमी कळताच इस्फिझारी खचला, आजारी पडला आणि त्या दुखण्यातच गेला.

विज्ञानाच्या इतिहासात माणसांना शिक्षा झाल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. उपकरणाचाच खून झाल्याची गोष्ट मला दुसरी आठवत नाही. आणि तो खजिनदार चोर असला तरी अडाणी नव्हता. तराजूने काय होणार हे त्याला पुरेपूर कळले होते.

त्याची भीती समजून घ्यायची तर खजिन्यात काय असे ते पाहायला हवे. नाणी आणि लगडी यांचे फारसे अवघड नव्हते. लगडीचा तुकडा तोडून वितळवता येतो, नाणे कापता येते. पण मुकुट, सुरया, जडावाची पात्रे, भेटीदाखल आलेले दागिने यांना हात लावण्याची सोय नाही. कसोटीच्या दगडावर घासले तर वरच्या थराचा कस कळतो, आतले काही कळत नाही. एखाद्या भरीव पात्राच्या पोटातले सोने काढून तेवढ्याच वजनाची चांदी घातली, तर काटा काहीच बोलत नाही. वजन तेच, रंग तोच, कसही तोच.

एक गोष्ट मात्र लबाडाला सारखी ठेवता येत नाही, ती म्हणजे आकारमान. चांदी सोन्यापेक्षा हलकी. तेवढ्याच वजनाची चांदी जवळपास दुप्पट जागा घेते. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की नक्षी, वळसे, कंगोरे, पाकळ्या असलेल्या वस्तूचे आकारमान मोजायचे कसे? त्याला ना पट्टी चालते, ना भूमितीचे सूत्र.

इथे सगळ्यांना आर्किमिडीज आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण शाळेपासून आपण ऐकत आलो ती न्हाणीघरातली, मुकुटात भेसळ करणाऱ्या सोनाराची गोष्ट आर्किमिडीजने स्वतः कुठेही लिहिलेली नाही. ती येते रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियसच्या ग्रंथात, आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर जवळपास दोनशे वर्षांनी. त्यातली रीत अशी: भांडे काठोकाठ भरा, मुकुट बुडवा, किती पाणी कमी झाले ते मोजा, मग तेवढ्याच वजनाचे शुद्ध सोने बुडवून पुन्हा मोजा. ऐकायला हे सोपे वाटते. आता आकडे घालून पाहू. एक किलोचा मुकुट शुद्ध सोन्याचा असेल तर त्याचे आकारमान सुमारे 52 घनसेंटिमीटर. त्यातले 300 ग्रॅम काढून चांदी घातली तर ते सुमारे 65 होते. फरक 13 घनसेंटिमीटरचा. मुकुट मावेल असे 20 सेंटिमीटर व्यासाचे भांडे घेतले, तर पाण्याच्या पातळीतला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी पडतो. काठाला चिकटलेले पाणी, पाकळ्यांत अडकलेले बुडबुडे, बोटांवरून ओघळलेले थेंब एवढी चूक सहज करतात. असल्या मापावर सोनाराला दोषी ठरवणे हा अन्यायच झाला असता.

आर्किमिडीजचा खरा ठेवा त्याच्या तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या ग्रंथात आहे. द्रवापेक्षा जड वस्तू द्रवात तोलली, तर तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाएवढी ती हलकी भरते, असे त्याने तिथे सिद्ध केले आहे. या विधानात मोजमापाची एक मोठी युक्ती दडली आहे. पाणी सांडवून मोजण्याची गरजच उरत नाही. वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत ठेवा आणि काटा पाहा. वजन जेवढे घटले तेवढे वजन बाजूला सरलेल्या पाण्याचे. पाण्याची घनता ठाऊक असली की आकारमान हाती आले. आपल्या एककांत तर हिशेबही नको. वजन 52 ग्रॅमने घटले तर आकारमान सुमारे 52 घनसेंटिमीटर. प्राचीन जगाकडे लांबी आणि वेळ मोजायची साधने ओबडधोबड होती. तराजू मात्र उत्तम होते, कारण व्यापार आणि कर दोन्ही त्यांच्यावर चालत. प्लावक बलाच्या या नियमाने आकारमानाचा प्रश्न उचलून त्या काळच्या सर्वांत नेमक्या उपकरणाच्या हाती सोपवला. वरच्या मुकुटासमोर तेवढ्याच वजनाचे शुद्ध सोने ठेवले आणि दोन्ही पारडी पाण्यात बुडवली, तर तेरा ग्रॅमचा फरक पडतो. बाजारातला साधा काटाही तो दाखवील.

मात्र नियम सिद्ध होणे वेगळे आणि त्यावर विश्वासाने बोट ठेवता येईल असे माप तयार होणे वेगळे. मधल्या काळात हे काम पूर्ण थांबले नव्हते. अलेक्झांड्रियाच्या मेनेलाउसने पहिल्या शतकात यावर लिहिले. नवव्या शतकात बगदादमध्ये सनद इब्न अलीने, त्यानंतर वैद्य आणि रसायनज्ञ अल-राझीने पाण्याच्या तराजूवर काम केले. पण या विद्येला आकड्यांचा भक्कम पाया दिला तो अबू रैहान अल-बिरूनीने. हा तोच बिरूनी, ज्याने संस्कृत शिकून भारतावर ग्रंथ लिहिला आणि जो त्यासाठीच आपल्याला ठाऊक असतो. त्याचा जन्म 973चा, अरल समुद्राच्या दक्षिणेकडच्या ख्वारिझ्म प्रदेशातला. 1017 साली गझनीच्या महमुदाने ख्वारिझ्म जिंकले आणि तिथल्या विद्वानांबरोबर त्यालाही गझनीला नेले.

धातू आणि रत्ने यांच्या आकारमानांची परस्परांशी प्रमाणे काय, यावर बिरूनीने एक प्रबंध लिहिला. त्याची रीत पाणी सांडवण्याचीच होती, पण व्हिट्रुव्हियसच्या गोष्टीतल्या भांड्याचे सगळे दोष त्याने एकेक करून काढले. त्याने शंकूच्या आकाराचे भांडे घडवले, खाली रुंद आणि वर निमुळते. मान करंगळीएवढी अरुंद. बाजरीच्या दाण्याएवढी वस्तू टाकली तरी मानेतले पाणी वर चढलेले दिसावे, इतकी अरुंद. मानेपासून एक वाकडी तोटी काढली आणि तोटीखाली तराजूचे पारडे ठेवले. आत वस्तू टाकली की तिच्या आकारमानाएवढे पाणी तोटीतून पारड्यात पडणार आणि थेट तोलले जाणार. पातळी डोळ्यांनी वाचायची भानगडच नाही.

तोटीने मात्र त्याला बराच काळ छळले. पाणी तिच्यात अडून राही, थेंब तोंडाशी लोंबत राही, आणि ज्या फरकासाठी एवढा खटाटोप तो त्या थेंबातच बुडून जाई. ज्याला आज आपण पृष्ठताण म्हणतो त्याच्याशी त्याची ही झुंज होती. त्याने तोटीला भोके पाडून पाहिले, तिचा आकार बदलून पाहिला, आणि अखेर ती वरून उघडी, पन्हळीसारखी केली. तेव्हा पाणी न अडता वाहू लागले. मला या सबंध इतिहासात ही तोटी सर्वांत मोलाची वाटते. सिद्धान्त तेराशे वर्षे जुना होता. त्याला माप बनवले ते एका थेंबाशी तडजोड न करणाऱ्या या माणसाने.

धातूंच्या बाबतीतही त्याची शिस्त तीच. सोने पुन्हा पुन्हा वितळवून शुद्ध केले, पारा कापडाच्या घड्यांतून वारंवार गाळून घेतला. पाणी कुठले आणि कधीचे हेही नोंदले गेले: ख्वारिझ्मातल्या गुरगंजचे, म्हणजे ऑक्सस अर्थात आमू दर्या नदी जिथे अरल समुद्राकडे जाते तिथले, आणि मोसम शरदाच्या सुरुवातीचा. सगळे पाणी सारखे नसते, आणि तेच पाणी उन्हाळ्यात व हिवाळ्यात सारखे नसते, हे ओळखूनच ही नोंद आहे. मोजणाऱ्याने मोजण्याच्या परिस्थितीचीही साक्ष ठेवावी, हा आग्रह त्यामागे आहे.

मग आकडे. दर धातूचे 100 मिस्काल घ्यायचे आणि त्याने किती पाणी बाहेर टाकले ते लिहायचे. मिस्काल हे वजनाचे माप; एका मिस्कालाचे सहा दानिक, एका दानिकाचे चार तस्सूज. सोन्याने पाच मिस्काल, एक दानिक आणि दोन तस्सूज पाणी सारले, म्हणजे आपल्या दशांशात 5.25. चांदीने नऊ मिस्काल, चार दानिक, एक तस्सूज, म्हणजे 9.71. शंभराला या आकड्यांनी भागले की आजची सापेक्ष घनता मिळते: सोने 19.05, चांदी 10.30. पारा 13.56, शिसे 11.32, लोखंड 7.74. आजचे आकडे सोन्याचे 19.3, चांदीचे 10.5, पाऱ्याचे 13.55च्या आसपास, शिशाचे 11.34, लोखंडाचे 7.87. पारा आणि शिसे तर जवळजवळ तंतोतंत आहेत. सोने-चांदीत जो थोडा उणेपणा दिसतो तो धातूत राहिलेल्या सूक्ष्म अशुद्धीमुळे आणि पोकळ्यांमुळे पडू शकतो. दशांश अपूर्णांकांशिवाय आणि तापमापकाशिवाय, एका नदीकाठी बसून, हजार वर्षांपूर्वी काढलेले हे आकडे आहेत.

रत्नांसाठी त्याने वेगळा मापदंड घेतला. धातूंची आपसांत तुलना करताना जसे सोने शंभर धरले, तसे रत्नांत निळा याकूत, म्हणजे नीलम. लालडी, पाचू, मोती, अकीक, स्फटिक या सगळ्यांची नीलमाशी तुलना त्याच्या कोष्टकांत आहे. रत्नाच्या व्यवहारात हे फार कामाचे होते, कारण रंगवलेली काच आणि माणिक डोळ्यांना सारखे दिसले तरी पाण्यात सारखे हलके होत नाहीत, आणि रत्नाला कसोटीच्या दगडावर घासून काहीच कळत नाही.

इस्फिझारीच्या हाती हे आकडे होते. खय्यामनेही सोन्या-चांदीच्या मिश्रणावर एक छोटा लेख लिहिला होता. रुबायांमुळे जगभर गाजलेल्या या माणसाने पाण्यात तोललेल्या दागिन्याचे गणितही मांडले होते, हे आवर्जून सांगायला हवे. तराजू मोडला गेला, इस्फिझारी गेला, पण विद्या गेली नाही. कारण मर्व शहरात ती उचलून घेणारा एक माणूस होता.

अब्द अल-रहमान अल-खाझिनी हा मूळचा ग्रीक, बायझंटाइन मुलखातून आलेला गुलाम. मर्वमधल्या एका खजिनदाराने त्याला विकत घेतले, त्याच्यातली बुद्धी ओळखली आणि भूमिती व तत्त्वज्ञान शिकवले. त्या खजिनदारावरूनच त्याला खाझिनी हे नाव पडले. एका खजिनदाराने तराजू मोडला आणि दुसऱ्याने घडवलेल्या शिष्याने तो पुन्हा उभा केला. त्या दोन्ही खजिनदारांच्या गोष्टी बैहकीच्याच चरित्रग्रंथात आहेत. खाझिनीने सेल्जुक सुलतान संजरसाठी ग्रह-ताऱ्यांची कोष्टके तयार केली. सुलतानाकडून हजार दिनार आले, ते त्याने परत केले. माझ्यापाशी दहा दिनार आहेत, वर्षाला तीन पुरतात, घरात मी आणि एक मांजर, असा त्याच्या नकाराचा आशय बैहकीने दिला आहे. एका सरदाराच्या पत्नीनेही हजार दिनार पाठवले होते. तेही परत गेले. खजिन्याच्या तराजूवर अशा माणसाचाच अधिकार असायला हवा होता.

हिजरी 515 साली, म्हणजे 1121-22 मध्ये, त्याने ‘किताब मीझान अल-हिक्मा’ हा ग्रंथ पुरा करून संजरला अर्पण केला. हिक्मतीचा, म्हणजे ज्ञानाचा, तराजू. इस्फिझारीने आपल्या तराजूला दिलेले नावच त्याने ठेवले. ग्रंथात आर्किमिडीज, मेनेलाउसपासून बिरूनी, खय्याम, इस्फिझारी यांच्यापर्यंत कुणी काय केले याचा मागोवा आहे, आणि ज्याचे श्रेय त्याला दिले आहे. बिरूनीची तोटी आज आपल्याला माहीत आहे ती मुख्यतः या ग्रंथामुळे.

तराजूची दांडी सुमारे दोन मीटर लांब. दांडी लांब असली की किंचितशा फरकानेही काटा स्पष्ट हलतो. पारडी पाच. दोन टोकांची हवेत तोलण्यासाठी, तिसरे पाण्यात उतरणारे. हे तिसरे खाली टोकदार केलेले, म्हणजे ते पाणी सहज कापत जाते. उरलेली दोन दांडीवर सरकवता येतात, आणि त्यांच्या जागा आधी ठरवून दांडीवर खुणा केलेल्या असतात. वस्तू हवेत समतोल करायची, पाण्याच्या पारड्यात घालायची, मग सरकते पारडे समतोल येईपर्यंत हलवायचे. ते ज्या खुणेवर थांबेल ती त्या धातूची किंवा रत्नाची खूण. खजिन्यातल्या कारकुनाला भागाकार करायची गरज नव्हती. गणित दांडीवर कोरलेले होते.

ज्याला आकडेमोड करायची असेल त्याच्यासाठी रीत अशी. समजा 100 मिस्कालांचे एक पात्र आहे आणि पाण्यात ते 6 मिस्कालांनी हलके भरते. शुद्ध सोने 5.25 ने हलके व्हायला हवे होते, शुद्ध चांदी 9.71 ने. पात्र सोन्याच्या मर्यादेपलीकडे 0.75 गेले आहे, आणि सोन्यापासून चांदीपर्यंतचे सगळे अंतर 4.46 आहे. दोहोंचा भागाकार सुमारे 0.17. म्हणजे शंभरातले सतरा मिस्काल चांदीचे. पात्रावर एक ओरखडाही उठलेला नाही.

या रीतीला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. भेसळ दोनच धातूंची असेल आणि ते कोणते हे ठाऊक असेल तरच उत्तर एकमेव मिळते. चांदीबरोबर तांबेही असेल तर वेगवेगळ्या मिश्रणांतून तेच आकारमान येऊ शकते. आत पोकळी असेल तर दोष नसलेल्या सोनारावर आळ येईल. धातू एकमेकांत मिसळताना त्यांच्या आकारमानांची बेरीज अगदी नेमकी राहत नाही. आणि एक धातू असा आहे की ज्याची घनता सोन्याएवढीच, 19.25: टंगस्टन. तो 1783 साली वेगळा काढला गेला, त्यामुळे मर्वच्या खजिन्याला त्याची धास्ती नव्हती. आजच्या सोन्याच्या लगडींना आहे.

खाझिनी आणखी एक पाऊल पुढे गेला. पाण्यात जे घडते ते हवेतही घडत असले पाहिजे, कारण हवाही वस्तूला उचलून धरते. मग दाट हवेत वस्तू किंचित हलकी आणि विरळ हवेत किंचित जड भरणार. युरोपात टोरिचेलीने हवेच्या दाबाचा प्रयोग केला 1643 साली, त्याच्या पाच शतके आधीचे हे विधान आहे. आज कुठल्याही प्रमाण-प्रयोगशाळेत वजने ताडून पाहताना हवेच्या प्लावक बलाची दुरुस्ती करतात. त्याने द्रवांचीही घनता मोजली: ऑलिव्हचे तेल 0.920, समुद्राचे पाणी 1.041. तेलाचा आकडा आजच्या पुस्तकातही थोड्याफार फरकाने तोच सापडेल.

मर्वचे पुढे काय झाले ते दुःखद आहे. 1153 मध्ये ओघुझ टोळ्यांनी संजरलाच कैद केले आणि शहर लुटले. तरीही ते सावरले. भूगोलकार याकूत तेराव्या शतकाच्या आरंभी तिथे राहिला, तेव्हा शहरात दहा ग्रंथालये होती आणि तो घरी दोनशे ग्रंथ नेऊन ठेवी, तेही बहुतेक अनामत न भरता. 1221 मध्ये मंगोल आले. संजरची घुमटाची कबर आज तुर्कमेनिस्तानातल्या त्या भग्न परिसरात उभी आहे.

युरोपला या कामाची वार्ता नव्हती. 1586 मध्ये बावीस वर्षांच्या गॅलिलिओने व्हिट्रुव्हियसच्या रीतीवर तोच आक्षेप घेतला, पाण्यातल्या तराजूवर एक छोटा लेख लिहिला, आणि दांडीवर बारीक तार गुंडाळून तिचे वेढे मोजायची युक्ती काढली. त्याने बिरूनीचे आकडे पाहिले असते तर त्याचे पुष्कळ श्रम वाचले असते. खाझिनीचा ग्रंथ आधुनिक जगापुढे आला तो 1850च्या दशकात. इराणातल्या तबरीझला रशियाचा वाणिज्यदूत असलेल्या निकोलाय खानिकोवला त्याचे हस्तलिखित मिळाले. त्याने मूळ अरबी उतारे, भाषांतर आणि आधुनिक आकड्यांशी ताडलेली कोष्टके अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे पाठवली, आणि ती तिच्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात छापली गेली. तेव्हाही खाझिनीला न्याय मिळाला नाही. नावाच्या युरोपीय रूपातल्या साधर्म्यामुळे ड्रेपरसारख्या वाचकप्रिय इतिहासकाराने हा ग्रंथ प्रकाशशास्त्रज्ञ इब्न अल-हैसम याच्या खाती घातला, आणि ती चूक बराच काळ पुस्तकांतून फिरत राहिली.

संपूर्ण अरबी ग्रंथ छापला गेला तो हैदराबादेत, 1940-41 मध्ये, दाइरत अल-मआरिफ या प्रकाशन संस्थेकडून. त्याला आधार भारतातल्या हस्तलिखितांचा होता. त्यांतले एक हैदराबादचे आणि दुसरे मुंबईच्या जामा मशिदीच्या ग्रंथालयातले. ही मशीद शेख मेमन रस्त्यावर आहे, आणि जव्हेरी बाजारही त्याच रस्त्यावर. सोन्याचा कस पाहायला आता क्ष-किरणांची यंत्रे आहेत. वस्तू ठेवली की काही सेकंदांत टक्केवारी दिसते. पण ते किरण सोन्यात काही मायक्रोनांपलीकडचे सांगू शकत नाहीत. त्यामुळे जाड मुलाम्याखाली चांदी, तांबे किंवा शिसे दडले आहे का हे वस्तू न कापता ठरवायचे असेल, तर तिला दोऱ्याने बांधून पाण्यात तोलण्याची रीत अजूनही वापरात आहे.